खारीक परत फिरली तेव्हा

माणगावे सर वाटेच्या कडेला करवंदीच्या जाळीला पाठ लावून उभे होते. हातातली काठी त्यांनी आडवी धरली होती.

"बाई, आधी तिला पट्टा लावा," ते म्हणाले. "मग मी पुढे येतो."

मी पट्टा लावला. खारीक माझ्या पायाशी बसून शेपटीने धूळ झाडत होती, सरांकडे तिचं लक्षही नव्हतं. सर आमच्यापासून होईल तेवढं अंतर राखून पुढे गेले आणि दहा पावलांवर वळून "आभारी आहे" म्हणाले. ते दृष्टीआड होईपर्यंत मी थांबले आणि पट्टा पुन्हा काढून खांद्यावर टाकला.

हे असं जवळजवळ रोज चालायचं. गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची, साताऱ्याची. गावाला लागून असलेल्या जानुबाईच्या टेकडीवर सकाळी साडेसहापासून फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असे. पायथ्याला वनखात्याची पाटी होती, कुत्री साखळीत ठेवावीत म्हणून. ती पाटी मी रोज वाचायची, आणि ती आपल्यासाठी नाही असं मला मनापासून वाटायचं.

त्याला कारण होतं. मी तेव्हा शेहेचाळीस वर्षांची होते, एका महाविद्यालयात ग्रंथपाल. लग्न केलं नव्हतं, दोन खोल्यांच्या घरात एकटी राहत होते. खारीक मला महाविद्यालयाच्या फाटकाशी सापडली, ओल्या गोणपाटात, महिन्याभराची. रंगाने तांबूस आणि अंगावर सुरकुत्या, म्हणून खारीक. पुढे सुरकुत्या गेल्या आणि बावीस किलोंची दणकट गावठी कुत्री तयार झाली. टेकडीवर सुभेदार साळुंखे यायचे, त्यांनी फौजेत कुत्री शिकवण्यात उमर घालवली होती. त्यांनी मला सहा महिने धडे दिले. लांब दोरीवर शिकवायचं, हाक एकदाच मारायची, आलं की खोबऱ्याचा तुकडा द्यायचा, आणि कधीही, कितीही उशिरा आलं तरी, आल्यावर रागवायचं नाही. खारीक शिकली. ससा दिसला तरी माझ्या हाकेला अर्ध्यात वळून यायची. लोक थांबून बघत. विलायती कुत्रा साखळीला हिसडे देत चालवणारे लोक मला विचारत, कसं काय जमवलंत. मला ते आवडायचं. फार आवडायचं, हे आज कबूल करते.

माणगावे सर मात्र तिला बघितलं की अंग चोरायचे. भूगोल शिकवून निवृत्त झालेले, सडपातळ, नीटनेटके, डोक्याला मफलर. लहानपणी त्यांना पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं आणि पोटात चौदा सुया घ्याव्या लागल्या होत्या, हे त्यांनीच एकदा सांगितलं. मी त्यांना म्हटलं होतं, सर, माझी कुत्री काही करत नाही हो. त्यावर ते म्हणाले होते, "ते तुम्हाला माहीत आहे, बाई. मला कसं माहीत असणार?"

मी हसले होते. दिवाळीनंतर ते जरा निवळले. एकदा त्यांनी तिचं नाव विचारलं, खारीक ऐकून त्यांना हसू आलं, आणि लांबूनच म्हणाले की नाव चांगलं आहे, निदान ऐकून भीती वाटत नाही.

डिसेंबरात माझी धाकटी बहीण कुंदा ठाण्याहून चार दिवस राहायला आली. कुंदाला माझं एकटं राहणं पसंत नव्हतं, आणि त्यात रस्त्यावरचं कुत्रं पाळणं तर मुळीच नव्हतं. रविवारी सकाळी मी तिला टेकडीवर नेलं. धुकं नुकतंच विरत होतं, गवत वाळून पिवळं झालं होतं. खारीक मोकळी होती.

टेकडीला वळसा घालणारी वाट एका ठिकाणी अरुंद होते. एका बाजूला उभा कातळ, दुसऱ्या बाजूला दगडाची जुनी बंद पडलेली खाण, दोन पुरुष खोल. वाट जेमतेम दोन माणसं शेजारून जातील एवढी. आम्ही तिथे पोचलो तेव्हा पुढे चाळीसेक पावलांवर सर चालले होते, आमच्याकडे पाठ करून, आपल्या नादात. खारीक त्यांच्याही पुढे होती. ती कातळावरच्या गवतातून वास घेत घेत गेली होती आणि पलीकडे वाटेवर उतरली होती. सरांना ती दिसलीच नव्हती.

मग ती वळली आणि पळत सुटली. वळणावरून एकदम समोर आली, कान मागे पाडलेले, तोंड उघडं. सर थांबले. त्यांनी काठी आडवी धरली आणि एक पाऊल मागे टाकलं, मग आणखी एक. दुसऱ्या पावलाखाली वाट नव्हती.

आवाज फार मोठा झाला नाही. काठी कातळावर आपटत खाली गेली, तिचाच काय तो आवाज.

मी कडेला पोचले तेव्हा सर खाली दगडांवर कुशीवर पडले होते. एक पाय भलत्याच दिशेला वळला होता. मी बसत घसरत खाली उतरले. डोळे उघडे होते, शुद्ध होती. त्यांनी विचारलं, "कुत्री कुठाय?" मी म्हटलं, सर, ती वर आहे, कुंदाने धरलीय, ती येणार नाही खाली. त्यांनी मान हलवली, जणू त्यांना ते विचारायचंच नव्हतं. मग त्यांनी डोळे मिटले.

फिरायला आलेल्या लोकांनी त्यांना चादरीच्या झोळीत घालून खाली नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं, डोक्याला आतून मार होता. मधे दोन-तीन दिवस त्यांना बरं वाटलं, मग ताप चढला. अकराव्या दिवशी ते गेले.

पोलिसांनी माझा जबाब घेतला. गावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, फडतरेबाईंच्या कुत्रीने मास्तरांना खाली पाडलं. कुणी म्हणे झडप घातली, कुणी म्हणे मांडीला धरलं. खारकेने त्यांना स्पर्शही केला नव्हता. हे मी सांगायची, पण ते मलाच ऐकवत नसे. प्राचार्यांनी बोलावून, तुमच्याच भल्यासाठी म्हणतो, ते जनावर आता गावात ठेवू नका, असं सुचवलं. रस्त्याने जाताना लोक मुलांना जवळ ओढून घेत.

सुभेदार साळुंखे घरी आले. चहा घेतला नाही. खारकेच्या मानेवरून हात फिरवत बसले आणि मग म्हणाले, "बाई, एक इचारू का? कुत्री पुढून आली म्हंता. पुढं गेलेलं कुत्रं आपल्या नादात असतंय. ते उगा माघारी फिरत न्हाई."

मी खारकेचं पाणी बदलायला उठले. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, मग उठून गेले. पुढे रस्त्यात भेटले तरी नुसती मान लववायचे.

जानेवारीत मी खारकेला फलटणजवळ माझ्या मावसभावाच्या शेतावर पोचवलं. त्याला राखणीला कुत्रं हवंच होतं. पण मास्तर गेल्याची गोष्ट तिथेही पोचली होती, म्हणून त्याने तिला गोठ्याशेजारी साखळीने बांधलं आणि ती बांधलेलीच राहिली. मी पाच महिन्यांनी एकदा गेले. ती वाळली होती. मानेवरचे केस साखळीने गेले होते. मला बघून ती भुंकली नाही, उड्या मारल्या नाहीत. साखळी ताणली जाईल तिथवर आली आणि खाली बसली, ताठ, मी शिकवलं होतं तशी, माझ्या तोंडाकडे बघत. हाक येईल म्हणून वाट बघत होती ती. मी वीस पावलांवर उभी होते. भाऊ म्हणाला, अगं ये की जवळ, ती काही करत नाही.

मला हाक मारता आली नाही. तिथूनच मागे फिरले. दीड वर्षाने ती मेल्याचं भावाने फोनवर सांगितलं.

इथवर जे सांगितलं त्यातलं टेकडीवरचं सगळं माझ्या जबाबात जसंच्या तसं आहे. एक अक्षरही खोटं नाही. फक्त एक वाक्य कमी आहे.

त्या सकाळी अरुंद वाटेच्या तोंडाशी कुंदा मला म्हणाली होती की एवढं मोकळं सोडतेस, एखाद दिवशी पळून जाईल, कसलं काय शिकवलंयस तू. मला राग आला. मी तिला म्हटलं, "बघ आता." सर मला दिसत होते. चाळीस पावलांवर, पाठमोरे, मफलर बांधलेले. खारीक त्यांच्या पलीकडे कुठेतरी होती हेही मला माहीत होतं. सुभेदारांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की हाक मारण्याआधी आपल्यात आणि कुत्र्यात कोण आहे ते बघायचं, कारण कुत्रं हाकेकडे सरळ रेषेत येतं, मधलं काही त्याला दिसत नाही. मी बघितलं होतं. बघूनही हाक मारली.

सर पडल्यावर मी कडेकडे धावले तेव्हा खारीक आधीच माझ्या पुढ्यात येऊन बसली होती आणि माझ्या हाताकडे बघत होती. तिने सांगितलेलं सगळं बरोबर केलं होतं. ती खोबऱ्याच्या तुकड्याची वाट बघत होती.

रुग्णालयात जाताना रिक्षात कुंदाने माझा हात घट्ट धरला होता. तू हाक मारलीस ते कुणाला बोलू नकोस, म्हणाली, आपल्या दोघींशिवाय कुणाला माहीत नाही. कुत्रं आहे, कुत्र्यासारखं वागलं, लोक तेवढ्यावर थांबतील. लोक तेवढ्यावरच थांबले. पोलिसांतही पुढे काही झालं नाही. कुंदाच्या यजमानांची वरती कुणाशी ओळख होती, त्यांनीच शब्द टाकला असणार, असं मी धरून चालले.

टेकडी मी सोडली. कालव्याच्या काठाने फिरायला जाऊ लागले. मागे कुणाची हलकी पावलं वाजली की माझी पाठ ताठ व्हायची. ग्रंथालयात कुणी कुणाला लांबून हाक मारली तर हातातलं काम थांबायचं. मुलं मला कडक समजत, म्हणत की फडतरेबाईंना आवाज खपत नाही.

अकरा वर्षं अशी गेली. मग एका सकाळी कालव्यावर समोरून एक काळा कुत्रा माझ्या दिशेने सुसाट येताना दिसला. त्याच्या दातांपलीकडे, लालभडक जिभेपलीकडे मला काही दिसेना. पाय उचलेना. तो माझ्या पायाला घासून गेला आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या एका मुलीसमोर जाऊन बसला. तिने त्याला बोलावलं होतं. मुलगी ओशाळून म्हणाली, घाबरू नका काकू, तो माझ्याकडे येत होता.

 मी कालव्याच्या कठड्यावर बसले. उठले तेव्हा ऊन वर आलं होतं. त्याच दिवशी दुपारी मी सरांच्या घरी गेले.

पद्माकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे होत्या. जैन वस्तीत त्यांचं बैठं घर, पुढे फरसबंद अंगण आणि तारेचं फाटक. त्या अंगणात चटईवर बसून मूग निवडत होत्या. सर गेल्यावर मी एकदाच गेले होते, दहा माणसांत, दोन मिनिटं. त्यांनी मला लगेच ओळखलं. बसा म्हणाल्या. मी चटईच्या कडेला बसले आणि जे सांगायचं ते एका दमात सांगितलं. कुंदाने डिवचलं, सर दिसत होते, तरी मी हाक मारली. कुत्री त्यांच्या अंगावर गेली नाही, माझ्याकडे येत होती. हे मी लपवलं.

त्या मूग निवडत राहिल्या. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी ताट बाजूला सरकवलं.

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या.

चौथ्या दिवशी सरांना बरं वाटत होतं तेव्हा त्यांनीच काकूंना सांगितलं होतं. मागून बाईंची हाक ऐकू आली, कुत्री त्यांच्याकडे निघाली होती, मी मध्ये आलो आणि उगीच भ्यालो, पाऊल माझंच चुकलं. ती माझ्यामागोमाग खाली तर पडली नाही ना, हे मी बाईंना विचारलं, तर त्यांना वाटलं मी अजून भितोय. त्या मुक्या जिवाला कुणी काही करू नये, एवढं बघ. काकूंनी हे हवालदाराला बोलावून जसंच्या तसं लिहून दिलं. म्हणून प्रकरण मिटलं. कुंदाच्या यजमानांचा त्यात काही संबंध नव्हता.

"मग तुम्ही मला कधी बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"मी कशाला बोलायचं?" त्या शांतपणे म्हणाल्या. "पहिली दोन वर्षं कडी वाजली की वाटायचं, तुम्ही असाल. भांडायला नव्हते बसले मी. तुमच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं. मग वाट बघणं सोडलं."

मला वर बघवेना. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "कुत्री किती वर्षं जगली?"

मी सांगितलं. शेत, गोठा, साखळी, सगळं. तिला बघायला गेले तेव्हा मी जवळसुद्धा गेले नाही, हेही सांगितलं.

त्यांचा चेहरा तेव्हा बदलला. इतका वेळ त्या शेजारणीशी बोलावं तशा बोलत होत्या. आता त्यांनी पदर सावरला आणि दुसरीकडे बघायला लागल्या.

"मी समजत होते ती तुमच्याकडेच आहे," त्या म्हणाल्या. "जाताना त्यांनी एवढं एकच मागितलं होतं. मला वाटायचं, तेवढं तरी झालं."

मी रडले नाही. रडायचा मला तिथे हक्क नव्हता.  शेजारच्या घरात कुणीतरी भांडी लावत होतं. मग त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ती हाक मारून दाखवा."

मला कळलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं.

"उभे होते, धड होते, तेव्हा त्यांनी शेवटचं ऐकलं ते तुमची हाक. मी इतकी वर्षं मनात वेगवेगळी ऐकतेय. कधी वाटतं, ओरडला असाल. कधी वाटतं, रागाने मारली असेल. मला एकदा खरी ऐकू द्या."

मी नाही म्हणू शकले असते का? उठले, अंगणाच्या मधोमध उभी राहिले. पहिल्यांदा तोंडातून नुसता वारा आला. त्या थांबल्या. मी घसा साफ केला, फाटकाच्या पलीकडे बघितलं आणि पुन्हा मारली. नावातलं दुसरं अक्षर लांबवून, शेवटी आवाज वर नेत, घरातलं माणूस जेवायला बोलवावं तशी. ती हाक अकरा वर्षांत माझ्या तोंडून निघाली नव्हती. आवाज जुना झाला होता, पण हाक तीच होती. समोरच्या घराच्या खिडकीत एक बाई येऊन बघून गेली.

पद्माकाकूंनी डोळे मिटले होते.

"राग नव्हता," त्या जरा वेळाने म्हणाल्या. आणि मग, "बरं. आता जा तुम्ही. पुन्हा येऊ नका."

मी चपला घातल्या. त्यांनी मुगाचं ताट पुन्हा पुढ्यात ओढलं होतं, पण हात त्यात नुसता ठेवला होता. फाटकाची कडी लावून मी रस्त्याला लागले. उन्हाची वेळ, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. तरी कोपऱ्यापर्यंत जाताना मी दोनदा थांबून मागे बघितलं. हाक मारली होती ना मी.